चार्जर न लागणारा बैल

‘अगं, जेवताना त्याला मोबाइल लागतोच. नाहीतर एक घास घशाखाली उतरत नाही.’

पुण्यात आयटीत असलेली माझी मावसबहीण हे वाक्य इतक्या वेळा म्हणते, की आता ती तिच्या लेकाची ओळखच होऊन बसलीय. वय वर्षं साडेचार. आईच्या मोबाइलचा पॅटर्न पाठ, पण शर्टाचं बटण काही लावता येत नाही. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या फ्लॅटमध्ये, असा एक नमुना असणारच!

तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नऊ तासांचं ऑफिस, वर ट्रॅफिक. घरी आल्यावर कुकर लावायचा तर पोराच्या हातात काहीतरी द्यायला हवंच. बरं, तिने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. ऑनलाइन क्राफ्ट किट मागवलं, ते वीस मिनिटांत संपलं. एका रविवारी ‘नो स्क्रीन डे’ जाहीर केला. तो सकाळी अकरापर्यंत टिकला. दुपारी पोराची रडारड, संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण.

मग २०२५चा पोळा आला. शुक्रवारी, २२ ऑगस्टला. शनिवारी तान्हा पोळा. तिने तीन दिवस रजा टाकली आणि मंगळवारीच लेकाला घेऊन चिमूरला माहेर गाठलं. मीही पोचले.

चिमूर म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १६ ऑगस्ट १९४२च्या क्रांतीमुळे इतिहासाच्या पुस्तकात गेलेलं आणि ताडोब्याच्या सफारीला जाणाऱ्यांना वाटेत लागणारं. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी तान्हा पोळाही सांगायला हवा. पोळा असतो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरांचा पोळा भरतो, लाकडी बैलांचा. चाकं लावलेला नंदी सजवायचा, दोरी धरून तोरणाखाली आणायचा आणि मग घरोघरी न्यायचा. लोक नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला म्हणायचं बोजारा. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६मध्ये ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगतात. लहानग्यांना बैलाचं मोल कळावं, हा त्यामागचा हेतू.

आबाजींनी, म्हणजे बहिणीच्या वडिलांनी, बैल बाजारातून आणला नव्हता. ओळखीच्या वाढयाकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्याचा ओबडधोबड बैल कापून आणला होता. इकडचं सागवान म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेलं होतं.

बुधवारी सकाळी नातवाने मोबाइल मागितला. आबाजी ना हो म्हणाले, ना नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्याने स्वतः बैलाची पाठ घासायला बसले. पोरगं पाच मिनिटं रडलं, दहा मिनिटं बघत राहिलं आणि मग बसलं पाय घासायला. थोड्या वेळाने थांबलं. ‘काऊन रे, हात दुखले का?’ आबाजींनी विचारलं. ‘नाही,’ म्हणालं आणि पुन्हा सुरू.

गुरुवारी रंग. शिंगं लाल हवीत की निळी, यावर तासभर चर्चा. शुक्रवारी आजीच्या जुन्या साडीच्या काठाची झूल आणि गळ्यात घुंगरं. एक चाक दोनदा निघालं, दोनदा बसवलं. या तीन दिवसांत मोबाइल लागलाच नाही, असं मी म्हणणार नाही. पण जेवताना तो कुणी मागितला नाही, कारण जेवणाच्या ताटाशेजारी बैल उभा होता आणि त्यालाही भरवायचं होतं!

शुक्रवारी रात्री पोराचे बाबा आले. शनिवारी तोरणाखाली गल्लीतली सगळी पोरं आपापले नंदी घेऊन उभी. बाबांनी अर्थातच मोबाइल काढला. व्हिडिओ सुरू. पोरगं दोनदा ‘बाबा’ म्हणालं. बाबा म्हणाले, ‘हो हो, येतंय, छान येतंय.’ तिसऱ्यांदा पोरगं दोरी सोडून जवळ आलं आणि म्हणालं, ‘फोन ठेव ना. मला बघ.’

आम्ही तिघेही गप्प झालो. जेवताना मोबाइल कोणाला लागतो, हा प्रश्न आम्ही आजवर चुकीच्या माणसाला विचारत होतो.

नियम आपल्याला माहीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्यांना फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची सूट दिलीय. म्हणजे चिमूरच्या आबाजींशी गप्पा चालतील! पण नियम पोरांसाठी आणि सूट मोठ्यांसाठी, हे गणित घरात चालत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाला हे बरोबर कळलं. ऑगस्ट २०२२मध्ये तिथे ठरलं, की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला, की टीव्ही-मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. फक्त विद्यार्थ्यांचे नाही, अख्ख्या गावाचे. भोंगा सगळ्यांसाठी एकच.

आपल्या सोसायटीत भोंगा वाजवला तर सेक्रेटरी नोटीस काढेल! पण ड्रॉवर तर प्रत्येकाकडे असतो. पुण्याला परतल्यावर बहिणीने तेच केलं. रात्री आठ ते पावणेनऊ सगळे मोबाइल ड्रॉवरमध्ये. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त तगमग झाली ती तिचीच. ऑफिसच्या ग्रुपवर काय चाललंय, या टेन्शनने ती दोनदा ड्रॉवरपर्यंत जाऊन आली. पोरगं मात्र काडेपेट्यांचा गोठा बांधत होतं. बैलाला घर नको का?

आणि हो, यासाठी महागडं किट लागत नाही. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं असल्या टाकाऊ वस्तूंतून खेळणी शिकवण्यात आयुष्य घालवलं. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कशी करायची, हे इंटरनेटवर फुकट बघायला मिळतं. तेवढं आधी बघून घ्या, मग मोबाइल ड्रॉवरमध्ये.

फक्त एक फंडा लक्षात ठेवा. वस्तू पोराला ‘बिझी ठेवायला’ करू नका, कुणाला तरी दाखवायला करा. चिमूरचा बैल तीन दिवस पुरला, कारण शनिवारी दारोदार लोक त्याची वाट बघणार होते. तुमच्या मजल्यावरही चार दारं आहेतच की. एक बेल वाजवून बघा. बोजारा म्हणून एखादं चॉकलेट नक्की मिळेल!

ता. क. : शर्टाचं वरचं बटण आता लागतं. खालची दोन अजून बाकी आहेत.