चोरी पकडायला सॉफ्टवेअर, संदर्भ सांभाळायला वही

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांवर साम्य निघालं की कारवाई. ठीक. ते तपासायला विद्यापीठांकडे सॉफ्टवेअर आहे. पण कोणता उतारा कुठून घेतला याची नोंद ठेवणारं झोटेरो 2006 पासून फुकट आहे, ते पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये किती ठिकाणी शिकवतात? पोरं शेवटच्या महिन्यात हाताने संदर्भसूची टाइप करतात. (गाइड म्हणणार, आम्ही कार्डांवर केलं!) लॅपटॉप बसला की चार वर्षांच्या नोंदी गेल्या. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट केलेलं तिथूनही जातं. झोटेरो बंद करून त्याचं अख्खं फोल्डर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्यायचं, बस्स. एवढं शिकवायला एक दुपार लागते. कुलगुरू महोदय, ती कधी देताय?