अचानक धुरकट दिसतंय? शिबिराची वाट बघू नका

सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धुरकट दिसतं, दुखत मात्र काहीच नाही. गावाकडे यावर निदान ठरलेलं असतं, मोतीबिंदू आला. मग शिबिर लागेपर्यंत थांबायचं. पण मोतीबिंदू असा एका रात्रीत येत नाही. डोळ्याच्या पडद्यातली रक्तवाहिनी तुंबली तर असं होऊ शकतं. बीपी, शुगर असलेल्या पन्नाशीपुढच्या माणसांना हा धोका जास्त. वाहिनी तुंबली की रक्त-पाणी पडद्यात झिरपतं आणि बरोबर मधल्या जागेला सूज येते.

नजर परत येईल का, हा घरच्यांचा पहिला प्रश्न. त्याचा बराचसा अंदाज आता ओसीटी मशीनवर मिळतो. विहीर खणताना कडेला मातीचे, मुरमाचे थर दिसतात ना, तसे पडद्याचे थर हे मशीन नुसत्या प्रकाशाने काही मिनिटांत दाखवतं. सूज किती आहे ते कळतंच, पण नुसत्या सुजेवर सगळं ठरत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ सलग आहे की तुटलीय, आतले थर वेगळे ओळखू येतात की एकमेकांत मिसळलेत, हे डॉक्टर बघतात. रेघ शाबूत असेल तर आशा चांगली. तुटली असेल तर इंजेक्शनने सूज उतरते, नजर मात्र तेवढी येत नाही. पहिल्या स्कॅनमध्ये रक्तामुळे खालचे थर झाकले जातात, म्हणून स्कॅन पुन्हा करावा लागतो.

उशीर झाला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ‘क्रूझ’ नावाच्या अभ्यासात दिसलं. एका गटाला सुरुवातीपासून रॅनिबिझुमॅबची इंजेक्शनं दिली, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. वर्षअखेर पहिला गट तक्त्यावर सरासरी १४ अक्षरं जास्त वाचू लागला, दुसरा जेमतेम ७. औषध तेच होतं.

आपल्याकडे अडतं ते इथंच. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याने मोतीबिंदूचं मोठं काम केलं, नाकारायचं कारण नाही. पण शिबिरात बॅटरी मारून मोतीबिंदू दिसतो, तुंबलेली वाहिनी दिसत नाही. नजर हळूहळू गेली की अचानक, एवढा एक प्रश्न विचारून त्याच दिवशी पुढची चिठ्ठी दिली तरी कितीतरी फरक पडेल. ओसीटी बहुतेक वेळा जिल्ह्याच्या नाहीतर मोठ्या शहराच्या ठिकाणी. इंजेक्शनही एकावर भागत नाही, दर खेपेला गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. बेव्हॅसिझुमॅब हे स्वस्त इंजेक्शन महागड्या अफ्लिबरसेप्टच्या तुलनेत सहा महिन्यांत मागे पडलं नाही, असं २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला लाजू नये.

आणि बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नये, दुसरा डोळाही त्याच शरीरात आहे. पहिल्या स्कॅनचा कागद फाईलला लावून ठेवावा, पुढच्या खेपेला तुलना करायला तोच लागतो.