लाईटची पाळी आणि झोपेची जनुके

कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला ‘झोप कशी लागते?’ असे विचारले, तर तो उलट विचारतो, ‘कुठल्या आठवड्यातली, डॉक्टर?’ ज्या फिडरवर अजून दिवसाची वीज पोहोचलेली नाही, तिथे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटार ऑटोवर टाकली तरी दारे धरायला माणूस लागतोच. बॅटरीच्या उजेडात एक सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवायचे, कुत्री भुंकली की गवा आला की काय म्हणून कानोसा घ्यायचा, आणि पहाटे येऊन पाठ टेकावी तर म्हशीच्या धारेची वेळ झालेली. हा माणूस ओपीडीत येतो तेव्हा आपण केसपेपरवर ‘निद्रानाश’ लिहितो आणि खाली झोपेची गोळी. मीही कितीदा लिहिली आहे.

या अंकात झोपेच्या जागतिक संशोधनावर लिहिताना सुरुवात मुद्दाम इथून केली. 2018 साली निद्रानाशावरचे मेंदू-प्रतिमांचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सगळीकडे सातत्याने बदललेला दिसतो असा मेंदूचा एकही भाग हाती लागला नाही. अभ्यास छोटे, मशिने वेगळी, निकष ज्याचे त्याचे. यावर उतारा म्हणजे ‘एनिग्मा’सारखे आंतरराष्ट्रीय गट. 2009 मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याची रीत आपल्याला सोयीची आहे: प्रत्येक केंद्राने आपले एमआरआय आपल्याच संगणकावर, पण सर्वांनी मान्य केलेल्या पद्धतीने मोजायचे आणि बऱ्याचदा फक्त आकडे पुढे पाठवायचे. 15 गटांतले नैराश्याचे 1053 पेशंट असे एकत्र आले तेव्हा दिसले की निद्रानाश जितका तीव्र, तितके मेंदूच्या बाह्यपटलाच्या काही भागांचे क्षेत्रफळ कमी. एकट्या कोल्हापूरला हे कधी दिसले नसते. एकट्या लंडनलाही नाही.

जनुकांचे गणित त्याहून मोठे. 2019 मध्ये 13 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून निद्रानाशाशी संबंधित 202 जागा सापडल्या. त्यातले एमइआयएस-1 हे जनुक आपल्या ओळखीच्या दुखण्याशी, रात्री पाय वळवळण्याशी, आधीच जोडलेले होते. (अशा पेशंटचे फेरिटिन न पाहता गोळी देऊ नये, हे जाता जाता.) पण हे 13 लाख लोक जवळजवळ सगळे युरोपीय वंशाचे. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकीय वाचन केले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. म्हणजे आपल्या जनुकांचा पाया पडतो आहे. झोपेची नोंद कोण करणार?

खरी अडचण प्रश्नावलीची आहे. ब्रिटनच्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या साठ्यात, यूके बायोबँकेत, लोकांना विचारतात, तुम्ही स्वतःला सकाळचे माणूस समजता की रात्रीचे? म्युनिकची प्रसिद्ध प्रश्नावली कामाच्या दिवसाची आणि सुट्टीच्या दिवसाची झोप वेगळी विचारते, आणि सुट्टीच्या झोपेच्या मध्यावरून माणसाचे शरीर-घड्याळ ठरवते. मलकापूर-बांबवडे पट्ट्यातल्या दूध घालणाऱ्या बाईने इथे काय लिहावे? म्हशीला रविवार नसतो. ती पहाटे चारला उठते म्हणून तिला ‘सकाळचे माणूस’ म्हणून खूण केली, तर आपण तिचे जनुक मोजलेच नाही. डेअरीच्या गाडीचे वेळापत्रक मोजले. मग तिचे रक्त आणि तिचा एमआरआय कितीही महागड्या मशिनवर गेला तरी निष्कर्ष चुकीच्या खुणेवरच उभा राहणार.

आपली मोजपट्टी आपण धरली की काय होते, याचा दाखला घरचाच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या चमूने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. सोबत इंग्लंडचे साउदॅम्प्टन होते. तिथल्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो, इथले 2.7. काम तेवढ्यावर थांबले असते तर ‘कुपोषित’ म्हणून फाईल बंद झाली असती. पण त्यांनी बाळाच्या पाठीवरची चरबी चिमट्याने मोजली. हाडामांसाने बारीक बाळाची ती चरबी त्या मानाने बरीच टिकून होती, आणि पुढच्या मधुमेहाच्या चर्चेला वेगळी दिशा मिळाली. सहकार्य परदेशी होते, निरीक्षण खेड्यातले.

परवानग्यांचा बाऊ नको. परदेशी भागीदार असला की आयसीएमआरकडची छाननी समिती आणि संस्थेची नीतिसमिती, दोन्ही लागतात, लागायलाच हव्यात. पण नुसते नमुने गोळा करून बाहेर धाडणाऱ्या प्रस्तावावर आपल्यापैकी कुणी सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्नावली ठरते त्या बैठकीत तालुक्याचा डॉक्टर बसला पाहिजे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या तज्ज्ञापेक्षाही आधी तो, कारण दारे धरणे म्हणजे काय हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तोवर एमआरआय न लागणारे एक काम करता येईल. या महिन्यापासून झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: या आठवड्यात लाईटची पाळी कोणती, दुधाची गाडी किती वाजता, आणि दोन्ही नसतील तेव्हा डोळा आपोआप कधी लागतो. पेशंटची संमती घेऊन, नाव-गाव वगळून या नोंदी आमच्याकडे पाठवा. उसाची तोड सुरू होण्याआधी पाठवल्यात तर बरे. नंतर ना त्यांना वेळ, ना तुम्हाला.