गच्चीवर गेला होतास का?

आषाढाच्या सुरुवातीस माझ्या भाच्याचा फोन आला. सांगलीत त्याने दुसऱ्या मजल्यावरील एक जुनी सदनिका पसंत केली होती. बँकेचा मूल्यांकक ती पाहून गेला होता, वकिलाचा शोध अहवाल निर्वेध आला होता आणि कर्जमंजुरीचे पत्रही हाती पडले होते. ‘‘मामा, बँकेने एवढे कर्ज मंजूर केले, म्हणजे घर चांगलेच असणार ना?’’ त्याने विचारले.

तेहेतीस वर्षे बँकेत काढलेल्या आणि त्यांतील बराच काळ गृहकर्जाच्या फायली तपासण्यात घालविलेल्या माणसास अशा प्रश्नाने बरे वाटावयास हवे. मला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका समजुतीवर घर घेतले होते, आणि ती समजूत मला महागात पडली होती.

बँक घराकडे कोणत्या दृष्टीने पाहते, ते आधी सांगतो. बँकेला घर राहण्यासाठी नको असते. तिला ते तारण म्हणून हवे असते. मूल्यांककाच्या अहवालात बाजारमूल्य असते, घाईने विकावे लागल्यास किती रक्कम हाती येईल तो आकडा असतो, मंजूर नकाशाशी बांधकाम जुळते की नाही याची नोंद असते आणि इमारतीचे उर्वरित आयुष्य किती, याचा अंदाज असतो. कर्जाची मुदत त्या आयुष्याच्या आत बसली की बँकेचे समाधान होते. न्हाणीघराचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, याच्याशी त्या अहवालास कर्तव्य नसते. मूल्यांकक अप्रामाणिक असतो, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देतो. परंतु तो प्रश्न बँकेचा असतो, तुमचा नसतो.

येथे एक साधे गणितही ध्यानात घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. उरलेला भाग ग्राहकाने घालावयाचा. समजा, घर ५० लाखांचे आहे. बँकेने ४० लाख दिले आणि आपण आयुष्यभराच्या बचतीतून १० लाख घातले. पुढे घरात असा दोष निघाला की त्याची किंमत ४२ लाखांवर आली. या ८ लाखांच्या नुकसानीत बँकेचा एक रुपयाही नाही. तिचे ४० लाख अजून सुरक्षित आहेत. गेले ते आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा खर्च आणखी वेगळा. नोकरीत असताना हे गणित मी किती कर्जदारांना समजावून सांगितले, असे कोणी विचारले, तर मला मान खाली घालावी लागेल.

आता माझी गोष्ट. २०१७ साली निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीस परत आलो. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर असावे, एवढीच तिची अट होती. तशी जागा मिळाली. १९९४ च्या इमारतीत, तिसऱ्या म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतून पूर्ण किंमत दिली. कागदपत्रे मी बँकेच्या शिस्तीने तपासली. तीस वर्षांचा शोध, मागील सर्व खरेदीखते, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, संस्थेचे ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या. एकाही कागदास नाव ठेवण्यास जागा नव्हती. घर पाहिले ते माघातील एका प्रसन्न सकाळी. भिंतींना नुकताच फिकट पिवळा रंग दिलेला होता आणि त्याचा वासही अजून गेला नव्हता. ‘‘किती नीटनेटके ठेवले आहे,’’ मी पत्नीस म्हणालो. ‘‘विकायच्या घराला रंग कशाला दिला असेल?’’ ती म्हणाली. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिले नाही.

जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर आईच्या खोलीच्या छतावर तळहाताएवढा ओलसर डाग उमटला. जुलै संपेपर्यंत तो चादरीएवढा झाला. ऑगस्टमधील एका पहाटे आई सामायिकासाठी उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसली आणि थोड्याच वेळात आतून मोठा आवाज झाला. छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा तिच्या उशीवर पडला होता. वर गंजलेल्या सळ्या उघड्या दिसत होत्या. आईने डोळे उघडले नाहीत. तिची माळ सुरूच राहिली. माझे मात्र पाय थरथरत होते.

माझा एक शाळासोबती दिवाणी वकील आहे. त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ मला ठाऊक होते. मालमत्तेतील मोठा दोष विकणाऱ्यास माहीत असेल आणि घेणाऱ्यास माहीत नसेल, तर तो सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर आहे, एवढे मी बँकेच्या परीक्षेत लिहिले होते. मित्राने पुस्तक उघडून त्यापुढील अट वाचून दाखविली. ती अशी की, तो दोष घेणाऱ्यास सामान्य दक्षता घेऊनही सापडण्यासारखा नसावा. मग पुस्तक मिटून त्याने विचारले, ‘‘घर घेण्याआधी गच्चीवर गेला होतास का?’’

गेलो नव्हतो. त्या दिवशी संध्याकाळी प्रथमच गेलो. आईच्या खोलीच्या नेमके वर डांबरी शीटची ठिगळे होती, एकावर एक तीन थर. कोब्याला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे तोंड एका टोकाला तर उतार दुसऱ्या टोकाला होता. हे पाहण्यास अभियंत्याची गरज नव्हती. एक मजला जिना चढावा लागला असता, एवढेच. दावा लावण्याचा विचार मी तेथेच सोडून दिला.

गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणे हे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेचे काम आहे. परंतु त्यासाठी संस्थेच्या दुरुस्ती निधीत पैसे असावे लागतात. आमच्या संस्थेत ते नव्हते, आणि ही गोष्टही मी ताळेबंद मागून आधीच पाहू शकलो असतो. तेहेतीस वर्षे ताळेबंद वाचलेल्या माणसाने तो मागितला नाही! घरातील छताच्या दुरुस्तीस माझे १ लाख ८५ हजार रुपये गेले. पुढील वार्षिक सभेत मला संस्थेचा खजिनदार केले गेले. निवृत्त बँक अधिकाऱ्यास ही शिक्षा बहुधा सर्वत्र होते.

तेव्हापासून नात्यातील वा ओळखीतील कोणी घर घेऊ लागले की मी त्यांच्याबरोबर जातो. या हिंडण्यातून ध्यानात आलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो. घराचा पहिला शत्रू पाणी, म्हणून बहुतेक शोध पाण्याचाच घ्यावा. सर्व घर एकाच वेळी रंगविलेले असेल तर एक वेळ ठीक. पण एकाच भिंतीला वा छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल, तर तेथे हात लावून पाहावे. भिंतीच्या तळाशी पांढरी खारट पूड, जिला आपण लोणा म्हणतो, दिसली तर आत ओल आहे असे समजावे. फरशीवर आणि न्हाणीघराच्या टाइल्सवर नाण्याने ठोकावे; बद्द, पोकळ आवाज आला तर ती खालून सुटलेली असते. न्हाणीघरात एक बादली पाणी ओतून ते कोणीकडे जाते ते उभे राहून पाहावे. सर्व नळ एकदम सोडून वरच्या नळाची धार किती उरते, तेही पाहावे. मालकास यात अपमान वाटण्याचे कारण नाही. वाटलाच, तर त्याचाही आपण अर्थ लावावा.

भेगांनी मात्र उगाच घाबरू नये. खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे केसासारखी उभी भेग पुष्कळ घरांत असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत गेलेली आणि रुंद होत जाणारी भेग, तुळईखाली आडवी गेलेली भेग किंवा काँक्रीटवर उमटलेला तांबूस डाग, यांपैकी काही दिसले तर आपले शहाणपण बाजूस ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. लोखंडी सळई गंजली की फुगते आणि आपल्याभोवतीचे काँक्रीट आतून फोडते. वरून कितीही गिलावा केला तरी ती क्रिया थांबत नाही. इंजिनिअरची फी द्यावयाची म्हटले की लोक कुरकुरतात. दस्तनोंदणीसाठी ३० हजारांपर्यंतची फी आणि त्याशिवाय दलाली देताना मात्र कोणी हूं की चूं करीत नाही.

इमारत पंधरा वर्षांहून जुनी असेल, तर संस्थेकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी असे ऑडिट व्हावयास हवे. अहवाल नसेल, तर ते उत्तरही पुरेसे बोलके आहे. घर नव्या प्रकल्पातील असेल तर रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकसकावर टाकली आहे. जुन्या घरास तो आधार नाही. तेथे आपले डोळे हेच कवच.

विजेच्या तारा किती जुन्या आहेत हे माहितगार तारतंत्रीकडून पाहून घ्यावे. चौकटी आणि कपाटांच्या फळ्या ठोकून वाळवीचाही अंदाज घ्यावा. वाळवी लागलेल्या घरात राहावयास गेल्यावर तिचे काय करावयाचे, हा आपल्या कुटुंबांत मोठाच धर्मसंकटाचा विषय होतो. त्यापेक्षा असे घर आधीच टाळलेले बरे.

आमच्या सांगलीत आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पूर २००५ मध्ये आला होता, २०२१ मध्येही आला. म्हणून पार्किंगमध्ये उभे राहून विजेचे मीटर किती उंचीवर आहेत ते पाहावे. ते डोक्याच्याही वर नेलेले असतील, तर कोणीतरी पाण्याचा अनुभव घेतलेला आहे. खांबांच्या तळाशी नवा गिलावा असेल तर त्याखाली काय होते, हे विचारावे. इमारत निळ्या वा लाल पूररेषेच्या आत येते काय, याची चौकशी महापालिकेत करता येते. आणि शेजारच्या किराणा दुकानदारास विचारावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, ते तो बोट दाखवून सांगतो.

हे सर्व मी भाच्यास फोनवर सांगत बसलो नाही. ‘‘मोठा पाऊस पडेल त्या दिवशी मला न्यायला ये,’’ एवढेच म्हणालो. यावर माझी बहीण रागावली. चातुर्मासात कोणी घर घेते का, हा तिचा प्रश्न. घेऊ नये, हे मला मान्य होते; पाहावे मात्र याच दिवसांत, असे मी तिला म्हणालो. आपल्याकडे घरांचे व्यवहार दिवाळीनंतर आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होतात. तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि सगळीच घरे चांगली दिसतात.

आठवडाभराने पाऊस लागला आणि आम्ही गेलो. घर खरोखरच छान होते; उजेड भरपूर, छत कोरडे, गच्चीचा कोबा शाबूत. पुराचे पाणी पार्किंगमध्ये आले होते हे मालकांनी आपण होऊन सांगितले. भाचा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला. मी त्याला म्हणालो, ‘‘आता खालच्या घरी जाऊ या.’’ पहिल्या मजल्यावर एक वयस्क बाई राहतात. संकोचतच आम्ही येण्याचे कारण सांगितले. ‘‘या ना, बघाच,’’ म्हणत त्यांनी आम्हांस थेट न्हाणीघरात नेले. छताला तपकिरी वर्तुळे होती, गिलावा फुगून आला होता आणि खाली एक प्लास्टिकची बादली ठेवलेली होती. ‘‘दोन वर्षं झाली सांगते आहे. वरचे म्हणतात, आता विकायचंच आहे, नवीन माणूस येईल तो बघेल.’’

नवीन माणूस माझ्या शेजारी उभा होता.

व्यवहार मोडला नाही. वरच्या न्हाणीघराची फरशी काढून, जलरोधक थर देऊन ती पुन्हा बसवून देण्यास मालक तयार झाले. दुरुस्तीचा खर्च त्यांचा, ही अट विसार पावतीत लिहून घेतली आणि त्या बाईंच्या घरचे छत कोरडे झाल्याखेरीज खरेदीखत होणार नाही, हेही लिहिले. काम गेल्या पंधरवड्यात पूर्ण झाले. भाच्यास आता घाई झाली आहे. बँकेच्या मंजुरीची मुदत संपेल, असे तो म्हणतो. मुदतवाढीचा अर्ज कसा करावयाचा, ते मी त्याला लिहून दिले आहे. परवा रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी आठला त्या बाईंचा फोन आला, बादली कोरडी आहे म्हणून. अजून भाद्रपदाचा पाऊस व्हावयाचा आहे. खरेदीखत चातुर्मास संपल्यावर करावे, यावर निदान आता माझे आणि माझ्या बहिणीचे एकमत झाले आहे.