विचित्र लहरी आणि खोडरबर

शिरूर-दौंडकडच्या प्रयोगवह्या मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. आलेखावरचे सारे बिंदू कसे शिस्तीत रेषेवर बसलेले असतात! जो बसला नाही, तो खोडरबराने गेलेला असतो. ही सवय किती महाग पडते, ते मेंदूच्या अभ्यासातील एका उदाहरणावरून पाहा.

मेंदूत केसाहून बारीक तार ठेवली, की आसपासच्या अनेक चेतापेशींचे विद्युत्स्पंद तिच्यावर एकत्र येतात. स्पंद टिकतो सुमारे 1 मिलिसेकंद. उंची बहुधा 100 मायक्रोव्होल्टच्या आसपास. कोणता स्पंद कोणत्या पेशीचा, हे संगणक लहरीच्या आकारावरून ठरवतो व गट पाडतो. मग उरतात काही चमत्कारिक लहरी: उलट्या, शेपटीवाल्या, दोन कुबडांच्या. त्या पुसून टाकायला एक बटणही असते!

पण दोन कुबडे म्हणजे दोन पेशी जवळजवळ एकाच क्षणी बोलल्या असतील. शेपटी कदाचित आपल्याच फिल्टरने जोडली असेल; 300 हर्ट्‌झखालचे सारे कापले, तर साध्या उंचवट्यामागेही खळगा उमटतो. लहर उलटी दिसली, तर आधी जोडणी तपासावी. आणि दर 20 मिलिसेकंदांनी तेच चिन्ह आले, तर ती भिंतीतली 50 हर्ट्‌झची वीज होय. ऑसिलोस्कोपच्या प्रोबच्या टोकाला बोट लावा, तीच लहर तुम्हाला दिसेल.

उलट, देखण्या गटावरही विसंबू नये. एकदा स्पंद दिला, की चेतापेशीला साधारण 1 मिलिसेकंद दुसरा देताच येत नाही. एका गटात अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतराचे पुष्कळ स्पंद सापडले, तर एकाच नावावर दोघे हजेरी लावत आहेत असे समजा.

1967 साली केंब्रिजला जॉसेलिन बेल यांनी कागदपट्टीवरची अशीच एक गचाळ खूण सोडून दिली नाही. हा पृथ्वीवरचाच काही उपद्रव नाही ना, हे आधी पाहिले गेले. तो निघाला दर 1.337 सेकंदांनी स्पंदणारा पल्सार! शिरूरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या दुर्बिणीतून आज पल्सारांचा अभ्यास होतो.

म्हणून शिक्षकबंधूंना माझे सांगणे, ‘बरोबर’ उत्तराचे दोन गुण कापा आणि बिघडलेल्या वाचनाचे कारण शोधणाऱ्याला द्या. बाहेरचे परीक्षक ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. अंतर्गत गुण तरी आपल्याच हाती आहेत. माझ्या वर्गात मी यंदा खोडरबर बंद केला; पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, आणि सर्वांत जास्त हुशार मुलांची.