सीमेवरचा खातेदार आणि घरचे मुखत्यारपत्र

मे 2025 मध्ये सीमेवर युद्धसदृश परिस्थिती निर्माण झाली, तेव्हा रजेवर घरी आलेल्या अनेक जवानांना तातडीने पलटणीत परतण्याचे आदेश मिळाले. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 मध्ये सैन्याची जमवाजमव झाली आणि ते सैन्य सुमारे दहा महिने सीमेवर उभे राहिले. अशा प्रसंगी स्थानकावरील निरोपाची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. परंतु निरोपाच्या आदल्या दिवशी घाईघाईने ज्या एका कागदावर सही केली जाते, त्याची वाच्यता कोठेही होत नाही. तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र होय.

रत्नागिरी जिल्हा हा मराठा आणि महार पलटणींच्या भरतीचा जुना प्रदेश. त्यातील चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी अलोरे हे गाव आहे. कोयना प्रकल्पाची वसाहत येथे उभी राहिली आणि तिसऱ्या टप्प्यासाठी जवळच कोळकेवाडीचे धरण बांधले गेले. भूसंपादनाची नोटीस, मोबदला, वारसनोंद, फेरफार हे शब्द त्यामुळे या भागातील माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. कोकणातील जमिनीची जातकुळीही निराळी. पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पंधरा नावे असतात, त्यांतील निम्मी मुंबईस आणि दोनचार स्वर्गवासी. अशा सामाईक खात्यातील एक खातेदार लडाखमध्ये वा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी असला, म्हणजे वाटप, कर्ज, नुकसानभरपाई यांपैकी प्रत्येक काम त्याच्या सहीपाशी अडून बसते. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण शहर पुराखाली गेले, तेव्हा पंचनामा आणि मदतीचा अर्ज यांस सहीचे किती महत्त्व असते, हे तालुक्याने पाहिलेच आहे.

तेव्हा मुखत्यारपत्र हवे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणते मुखत्यारपत्र हवे, हा. दस्तलेखकाकडे छापील नमुना तयारच असतो. त्यात खरेदी, विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड, तडजोड, बँकेचे व्यवहार, दावे असे सर्व अधिकार एका दमात लिहून दिलेले असतात. यालाच आपण कुलमुखत्यारपत्र म्हणतो. दुसऱ्या दिवशी गाडी पकडावयाची असलेला जवान ते वाचीत नाही. वाचले तरी सख्ख्या भावासमोर 'हे कलम काढा' असे म्हणणे त्यास प्रशस्त वाटत नाही. वस्तुतः गैरहजेरीत जी कामे निघतात, त्यांसाठी घर-जमीन विकण्याचा अधिकार लागतच नाही. शेतसारा भरणे, पंचनाम्यावर सही करणे, पीकविमा, वीजजोडणी, तलाठ्याकडील (ज्यांस 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंदी, मुलांच्या शाळेचे दाखले आणि न्यायालयातील हजेरी, एवढीच ती कामे. तेवढीच नावानिशी लिहिलेले खास मुखत्यारपत्र करावे. 'हक्कसोड' आणि 'अपरिवर्तनीय' हे दोन शब्द मसुद्यात कोठे दिसले, तर सही करणारी लेखणी खाली ठेवावी. सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असे स्पष्ट केले. परंतु खरेदीखत करून देण्याचा अधिकार मुखत्यारास लिहून दिला असेल, तर तो रीतसर खरेदीखतच करून देऊ शकतो, आणि मग त्या निर्णयाचा जवानास काडीचाही उपयोग होत नाही.

मुखत्यार कोणास नेमावे, हा प्रश्न नाजूक आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. प्रथा वडिलांना किंवा थोरल्या भावाला नेमण्याची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला मान पत्नीचा असावा. घर तीच चालविते, आजारी सासऱ्यास दवाखान्यात तीच नेते, नोटीस आली तर ती तिच्याच हाती पडते. कारगिल युद्धानंतर, 1999 मध्ये आणि पुढे, धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या पत्नी व सासरची मंडळी यांच्यात मदतीच्या रकमेवरून जे वाद देशभर उद्भवले, ते आठवावेत. दीराबद्दल अविश्वास दाखवा, असा याचा अर्थ नव्हे. फार तर दोघांना संयुक्त अधिकार द्यावेत, म्हणजे एकाच्या सहीने काही निसटणार नाही.

वेळेचाही एक मुद्दा आहे. मुखत्याराने जवानाचा दस्तऐवज नोंदणीसाठी सादर करावयाचा असेल, तर 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 प्रमाणे ते मुखत्यारपत्र जवान जेथे राहतो तेथील निबंधक वा दुय्यम निबंधक यांच्यासमोर करून प्रमाणित व्हावे लागते. तो परदेशी असल्यास नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी गाठावा लागतो. छावणीतून टपालाने पाठविलेला कागद चिपळूणला परत फिरतो तो याच कारणाने. मुखत्यारपत्र रद्द करतानाही नुसते रद्दपत्र लिहून भागत नाही. करार अधिनियमाच्या कलम 208 नुसार मुखत्यारास आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांस ते कळेपर्यंत अधिकार संपत नाही.

दाव्यांच्या बाबतीत मात्र कायद्याने सैनिकाची बरीच काळजी घेतली आहे, आणि ती कोणास ठाऊक नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 28 प्रमाणे रजा न मिळणारा सैनिक आपल्या कमान अधिकाऱ्यासमोर सही करून कोणासही दावा चालविण्याचा अधिकार देऊ शकतो. कमान अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी असलेला तो कागद न्यायालयात पुरेसा पुरावा ठरतो. त्यासाठी निबंधकाचे दार ठोठवावे लागत नाही. 1925 च्या भारतीय सैनिक (वाद) अधिनियमाखाली, युद्धजन्य वा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेला सैनिक हजर राहू शकत नाही असे जिल्हाधिकाऱ्याने प्रमाणित केल्यास कामकाज तहकूब होऊ शकते. तालुक्याच्या न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा होण्यापूर्वी एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने जवानाच्या पत्नीस हे एवढे सांगितले आणि अर्ज लिहून दिला, तरी पुष्कळ काम होईल.

सर्वांत अप्रिय गोष्ट उरली. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर, सामान्यतः, मुखत्यारपत्रही संपते. ज्या आपत्तीच्या भीतीने ते केलेले असते, नेमक्या त्याच आपत्तीत ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर उपयोगी पडते ते मृत्युपत्र, आणि ते मुखत्यारास जवानाच्या वतीने करता येत नाही. भारतीय वारसा अधिनियमाने प्रत्यक्ष युद्धात गुंतलेल्या सैनिकास तोंडी मृत्युपत्राचीही सवलत दिली आहे खरी. पण हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि मुस्लिम सैनिकांस ती लागू नाही. म्हणजे कोकणातील जवळजवळ कोणत्याच जवानास नाही! इंग्रजी अमदानीत झालेला हा भेद आजही का ठेवावा, याचे उत्तर संसदेने द्यावयास हवे. तोवर दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावर लिहिलेले मृत्युपत्र हाच मार्ग आहे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. नामनिर्देशन केले म्हणजे झाले, या समजुतीत राहू नये. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, तेवढ्याने ती मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात 1984 मध्येच सांगितले आहे.

पलटणीत बंदूक आणि गणवेश यांची तपासणी होते, तशी या दोन कागदांचीही वार्षिक रजेपूर्वी चौकशी व्हावी आणि जवानास मराठीतील मसुदा हाती देऊन घरी पाठवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने खास मुखत्यारपत्राचा एक साधा नमुना तयार करून तो ग्रामपंचायतींत व शाळांत ठेवावा. चिपळूणच्या दुय्यम निबंधक कार्यालयाने गणपती आणि शिमगा या दोन सणांच्या आठवड्यांत रजेवरील जवानांसाठी वेगळी वेळ राखून ठेवावी, कारण कोकणातला जवान घरी सापडतो तो याच दिवसांत.