पौलाचा प्रश्न आणि कंधारचा बैल

बायबलातले प्राणी आणि त्यांचे अर्थ हा विषय निघाला की कोकरू, कबूतर, साप, सिंह ही नावे पटापट येतात. कोकरू म्हणजे बळी, कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, साप म्हणजे मोह. बैलाकडे फारसे कुणी वळत नाही. नांदेड-लातूरकडच्या वाचकाने जरूर वळावे, कारण त्या ग्रंथातला बैल त्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो नांगर ओढतो, दावे तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरतो, शिंग मारतो आणि मालकाला भुर्दंड पाडतो. वैऱ्याचा बैल सुटलेला दिसला तरी तो नेऊन पोचता करावा, असे तिथे बजावले आहे. सातव्या दिवशी माणसाबरोबर बैलालाही सुट्टी आहे. अमावास्येला औत न जुंपणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे काही नवे वाटणार नाही.

याच नियमांत, अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, एक एवढीशी आज्ञा आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नका. कोळपणीला आपल्याकडे मुसके बांधावेच लागते, नाहीतर उभे पीक तोंडात जाते. खळ्यातली गोष्ट वेगळी. मधोमध मेढ, तिच्याभोवती पात धरलेली, पायाखाली ज्वारीची कणसे आणि उन्हात दिवसभर गोल गोल फेरे. ज्याने नांगरले, वखरले, पेरले आणि गाडीत घालून घरी आणले, त्याच्याच तोंडाखाली रास आणि त्याच्याच तोंडाला जाळी. हे नियम देणारा मोशे म्हणतो, एवढे तरी करू नका; चार घास गेले तर जाऊ द्यात.

कित्येक शतकांनंतर, इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ही आज्ञा उचलली आणि तिच्यावर एक प्रश्न टाकला. देवाला काय बैलांची काळजी पडली आहे? की हे आपल्यासाठीच सांगितले? उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकले: आपल्यासाठी. मळणी म्हणजे सुवार्तेचे काम, बैल म्हणजे ते करणारा प्रचारक आणि तोंडात जाणारे दाणे म्हणजे त्याच्या पोटापाण्याची सोय. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही हाच दाखला पुन्हा येतो. मराठवाड्याच्या हिशेबाने सांगायचे तर पौल बलुते मागतो आहे. राबणाऱ्याचा खळ्यावर वाटा असतो, हे त्याचे म्हणणे आपल्या जुन्या गावगाड्यालाही कळले असते. शिवाय हक्क सांगून तो स्वतः मात्र काही घेत नाही. तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरतो. माणूस सरळ होता. पण या सरळ माणसाने बोलता बोलता बैलाला खळ्याबाहेर काढले आणि त्या जागी माणूस उभा केला.

खळ्याबाहेर काढलेल्या बैलाची चित्रे-शिल्पांत मात्र चांगली सोय झाली. शलमोनाच्या मंदिरातले पाण्याचे प्रचंड पात्र धातूच्या बारा ओतीव बैलांच्या पाठीवर होतेच. यहेज्केलाच्या दर्शनातल्या चार तोंडांपैकी एक बैलाचे. दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपने प्रकटीकरणातल्या चार प्राण्यांची सांगड चार शुभवर्तमानांशी घातली आणि लूकच्या वाट्याला वासरू आले. लूकची कथा जखऱ्या याजकापासून, मंदिरातून सुरू होते, आणि मंदिर म्हणजे बळी, असा तो धागा. तेव्हापासून जगभरच्या चर्चमध्ये लूकचा बैल पंख लावून बसला आहे. दिसतो देखणा. त्याला कडबा लागत नाही, खुरकूत होत नाही आणि म्हातारा झाला तरी त्याचे काय करायचे हा प्रश्न येत नाही.

चिन्ह झालेल्या जनावराची ओढ किती दूर जाते, याचे उदाहरण अगदी ताजे आहे. गणना या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शुद्धीच्या विधीसाठी निर्दोष लाल कालवड सांगितली आहे, जिच्या मानेवर कधी जू ठेवलेले नाही अशी. सप्टेंबर 2022 मध्ये अशा पाच कालवडी अमेरिकेतल्या टेक्सासमधून विमानाने इस्राएलात नेल्या गेल्या. जेरुसलेममध्ये मंदिर पुन्हा उभे राहावे म्हणून धडपडणाऱ्यांना त्या हव्या होत्या. जानेवारी 2024 मध्ये गाझातल्या युद्धाला शंभर दिवस झाले, तेव्हा हमासच्या प्रवक्त्याच्या भाषणातही या लाल गायी आल्या. नुसत्या लाल रंगाचेच काम असते तर टेक्सासला कशाला जायचे? कंधार, लोहा, मुखेडच्या गोठ्यांत लाल कंधारी हवी तेवढी भेटली असती. पण घोडे अडते ते पुढच्याच अटीवर. तिथे पवित्र ठरते ती जू न लागलेली मान. लाल कंधारीचे सारे नाव आहे ते जू ओढण्यावर. कोरडवाहू रानात, अर्धपोटी, कडक उन्हात तग धरून ओढतो म्हणून तर शेतकऱ्याने हा बैल जपला. शेजारच्या उदगीर-देवणीकडची देवणी दूध आणि काम दोन्हींसाठी नावाजलेली. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे तिचे रंगप्रकार जुनी माणसे लांबून ओळखतात.

आता आपल्या घरातले बोलू. पोळा हा बैलाचा एक दिवसाचा सण, बाकी वर्षभर चाबूक, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते आम्हाला पटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जुवाने घट्टा पडलेल्या नेमक्या त्या जागेला हळद आणि लोणी चोळतात, मग उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. झूल, बेगड, गोंडे, शिंगांच्या शेंब्या हा थाट दुसऱ्या दिवशीचा. ज्या सणाची सुरुवात दुखऱ्या खांद्यापासून होते, त्याला पौलाचा प्रश्न पडलेला नव्हता.

तो पडला मुंबईत. मार्च 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर इथे वाद घालायचा नाही. पण बैल कायद्याच्या कलमात पवित्र झाला आणि बाजारात त्याची पडती किंमतही गेली. पूर्वी थकलेली जोडी मोडून, वर थोडे पैसे घालून, शेतकरी नवी जोडी दावणीला आणायचा. आता थकलेला बैल मरेपर्यंत सांभाळायचा आणि नव्यासाठी सगळा पैसा नव्याने उभा करायचा. सांभाळण्याचा खर्च कुणी द्यायचा, हे कलमात नाही. त्यातच ज्वारी मागे सरली आणि सोयाबीनने रान व्यापले. ज्वारी कमी म्हणजे कडबा कमी. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. मळणी तर हडंबा हे यंत्रच करते, तेव्हा मुसके बांधावे की नाही हा मोशेचा पेच खळ्याबरोबरच निकालात निघाला. देशभराची गणती पाहिली तर 2012 मध्ये गोवंशातले नर पावणेसात कोटींच्या वर होते. 2019 च्या पशुगणनेत ते पावणेपाच कोटींच्या आसपास उरले. सात वर्षांत तीस टक्के घट. जिथे हा कायदा नाही ती राज्येही या आकड्यात आहेत, हे मान्य. सगळा दोष कायद्याच्या माथी मारता येणार नाही. ट्रॅक्टरचा वाटा त्यात सर्वांत मोठा आहे.

ट्रॅक्टरवरून यिर्मया आठवतो. यरुशलेमला आलेल्या राजदूतांना बाबेलची ताबेदारी कशी असेल हे दाखवण्यासाठी हा संदेष्टा स्वतःच्या मानेवर जू ठेवून फिरला. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते हिसकावून मोडले. त्यावर यिर्मयाचे उत्तर असे की लाकडाचे मोडलेस, आता लोखंडाचे येईल. वीस एकरवाल्याला लोखंडाचे जू परवडते. दोन एकरवाल्याला जोडीही पोसवत नाही आणि ट्रॅक्टरचे भाडेही निघत नाही.

यिर्मयाच्या मानेवरचे जू चिन्ह होते. 2025 च्या पावसाळ्यात अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या खांद्यावरचे जू चिन्ह नव्हते. तो औत ओढत होता आणि मागे त्याची बायको औत धरून होती. चित्रफीत देशभर फिरली, राजकीय पडसाद उमटले, मदत करणारेही धावले. मदत झाली हे चांगलेच झाले. मात्र चर्चा सुरू झाली आणि दोन दिवसांत तो माणूस ‘मराठवाड्याच्या व्यथेचे प्रतीक’ होऊन बसला. पुन्हा तोच पौलाचा डाव, फक्त या वेळी बैलाच्या जागी माणूस आणि माणसाच्या जागी ‘व्यथा’. बैल का नव्हता, हा साधा हिशेब कुणी मांडला नाही.

हिशेब मांडायला सरकारकडे एक आकडा तयार आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला 50 रुपयांचे अनुदान ठरवले. म्हणजे एका जनावराच्या वैरणीला दिवसाकाठी काहीतरी लागते, हे सरकारला ठाऊक आहे. ही रक्कम संस्थेच्या गोठ्यातल्या गायीला मिळते. अल्पभूधारकाच्या दावणीला बांधलेल्या, रोज औताला जाणाऱ्या कंधारी किंवा देवणी बैलाला मिळत नाही. येत्या अर्थसंकल्पात दोन हेक्टरांच्या आतल्या शेतकऱ्याच्या जोडीला तेच 50 रुपये प्रत्येकी लावा. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकाने सहा महिन्यांतून एकदा गोठ्यात येऊन जोडी पाहावी, खांदा तपासावा आणि सही करावी. अटींच्या कागदाला यापेक्षा जास्त ओळी लागू नयेत.